ओळखीच्या हातचं पहिलं नाणं

हिवाळे सरांच्या दारात कुणी नवखा माणूस आला की सर आधी त्याला आत घेत, माठातलं पाणी देत आणि त्याचं पाणी पिऊन होईपर्यंत एक शब्द बोलत नसत. मग चष्मा कपाळावर सरकवून विचारत, "कुणाच्या वळखीनं आलास?"

त्यानं नाव सांगितलं की दुसरा प्रश्न यायचा. "त्यो तुला किती सालापासून वळखतो?"

आणि मग तिसरा. "तुझ्या घरी कुणी आजारी पडलं तर त्यो येतो का?"

या तिसऱ्या प्रश्नाला पुष्कळ जण अडखळत. आपण बिटकॉईन घ्यायला आलोय, आणि हा म्हातारा घरातल्या आजारपणाची चौकशी का करतोय, हे त्यांना कळायचं नाही. काही जण हसत. हसणाऱ्याला सर आणखी पाणी हवं का विचारत आणि गोडीनं वाटेला लावत.

भोकरदनच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत सरांचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. पुढच्या खोलीत टायपिंगची मशीनं, मागच्या खोलीत सर. तालुक्यातल्या कचेऱ्यांतले निम्मे कारकून त्या पुढच्या खोलीत घडलेले. मी त्यातलीच एक. आज एका शाळेच्या ऑफिसात मी जी कामं करते, ती करणारी बोटं सरांनी तयार केली. त्यांच्या पत्नीनं, निर्मलाबाईंनी, जुन्या लुगड्याचे तुकडे शिवून प्रत्येक मशीनला एक झाकण केलं होतं. आपले हात त्या झाकणाखाली जायचे, अक्षरं दिसायची नाहीत. कुणी कापड उचलून डोकावलं की सर मागून म्हणत, "बघू नको. बोटाला ठाऊक हाये."

मी शिकत होते तेव्हा निर्मलाबाई होत्या. नंतर त्या गेल्या. मूलबाळ नव्हतं. मग टायपिंगची परीक्षा कॉम्प्युटरवर गेली, पोरं नव्या चकचकीत सेंटरांकडे वळली, आणि पुढच्या खोलीतला तो खडखडाट कमी होत होत एक दिवस थांबला. सर मात्र रोज सकाळी सगळी झाकणं काढून मशीनं पुसायचे आणि झाकणं परत घालायचे.

दुपारी चारच्या सुमारास ते स्टँडवर चहाला जात. घरी स्टोव्ह होता, साखर होती, दूधवाला यायचा. एकदा मी विचारलं, "सर, एवढ्या उन्हात कशाला येता? घरीच करून घ्यायचा."

"घरच्या चहाला 'साखर कमी का जास्त' असं कुणी इचारत न्हाई," ते म्हणाले.

या माणसाच्या आयुष्यात बिटकॉईन आलं ते त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. पुण्यात नोकरीला लागलेला तो पोरगा दिवाळीत भेटायला आला. पाया पडला, सरांचा फोन मागून घेतला, त्यात काहीतरी बसवलं आणि म्हणाला, "सर, हे माझ्याकडून तुम्हाला. थोडंसंच आहे. समजून घ्या, तुम्हाला आवडेल." सरांना त्या दिवशी काहीच समजलं नाही. पुढचं वर्षभर मात्र ते इंग्रजी-मराठी शब्दकोश शेजारी ठेवून वाचत राहिले. अवघड शब्द ते टाईप करून भिंतीला चिकटवत. मी गेले की एकेक वाचून दाखवत. मला त्यातून एवढंच उमजलं, की हे नाणं हातात धरता येत नाही, त्याची नोंद जगभरच्या हजारो कॉम्प्युटरांवर असते, आणि त्याची किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द. ज्याच्याकडे ते शब्द, त्याचं नाणं. शब्द हरवले की नाणं गेलं. दुसऱ्यानं पाहिले की नाणं त्याचं झालं.

सरांना हे एवढं का भावलं ते मला पुढे कळलं. त्यांचे वडील दुसऱ्याच्या शेतात सालानं राबलेले. बौद्धवाड्यातून शिकून वर आलेल्या या तरुणानं इन्स्टिट्यूट काढायचं ठरवलं, तेव्हा बँकेनं कर्जाला जामीनदार मागितला. ओळखीचे दोन-तीन पगारदार होते. त्या आठवड्यात त्या सगळ्यांना नेमकं गावाला जायचं निघालं. शेवटी मारोती खरात आला. जवळच्याच खेड्यातला, धनगराचा पोरगा, शाळेत सरांच्या, म्हणजे त्याच्या उत्तमच्या, शेजारी बसणारा. शाळा सुटली आणि तो मेंढरांमागं गेला, पण दोस्ती राहिली. थोडी जमीन त्याच्या नावावर होती. मेंढरं भावाच्या हवाली करून तो बँकेत आला. साहेबानं विचारलं, कागदात काय लिहिलंय ते वाचून दाखवू का?

मारोती म्हणाला, "पैशे घेऊन राह्यला त्यो उत्तमच हाये ना? मंग बास." आणि सही केली.

ही गोष्ट सांगताना सरांचा आवाज बदलायचा. "शोभा, या नाण्याला जामीनदार लागत न्हाई," ते म्हणायचे. "साहेबाची सही लागत न्हाई. पण दोस्त लागतो. पहिल्यांदा दोस्त लागतोच."

हा दोस्ताचा नियम त्यांनी ठेच लागून केला होता. सुरुवातीला त्यांनी आपल्यातलं थोडं नाणं ऑनलाईन एका अनोळखी माणसाला विकलं. पैसे लगेच खात्यात जमा झाले. पंधरा दिवसांनी खातं गोठलं. तो पैसा दुसऱ्याच राज्यातल्या कुणा फसवल्या गेलेल्या बाईचा होता, आणि पोलिसांनी तो ज्या ज्या खात्यांतून फिरला ती सगळी बंद केली होती. सरांनी स्वतःच अर्ज टाईप केले, रेल्वेनं त्या राज्यातल्या पोलीस ठाण्यात दोनदा जाऊन आले. कित्येक महिने त्यांना स्वतःचाच पैसा काढता आला नाही. त्या काळात मारोतीकाका ज्वारीचं पोतं सायकलला बांधून आले आणि मागच्या खोलीत टाकून गेले.

"त्या बाईचं तोंड मी बघितलं न्हाई," सर म्हणाले होते. "पण तिचा पैसा माझ्या घरात येऊन गेला. आता अनोळखी माणसाशी देणं न्हाई, घेणं न्हाई. ज्याला नाणं पाहिजे त्यानं ओळखीच्या माणसाकडून घ्यावं, समोर बसून घ्यावं."

त्यांची रीत ठरलेली होती. ज्याला हवं त्याला कुणीतरी आणायचं. आणणारा दोस्त त्याच्याजवळ बसायचा. सर आधी सगळं भलंबुरं सांगायचे. भाव निम्म्यावर येतो, कधी त्याहून खाली. यावर कर लागतो, तो भरायचा, लपवायचं नाही. बुडालं तरी चूल बंद पडणार नाही एवढंच घ्यायचं. "श्रीमंत व्हायला आला असशील तर दार उघडंच हाये," असं म्हणून ते खरोखरच दाराकडे बोट करत. त्यातूनही जो बसून राही, त्याला वही आणि पेन्सिल मिळे.

मला त्यांनी वही दिली तो दिवस लख्ख आठवतो. फोनवर बारा शब्द आले. सर उठले, खुर्ची उचलली, भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि माझ्याकडे पाठ करून बसले.

"सर, तुम्ही बघितलं तरी चालंल हो."

"तुला चालंल. मला चालत न्हाई. लिही निवांत."

मी एकेक शब्द लिहीत होते. मधेच वर पाहिलं तर सरांची मान दिसत होती, आणि झिजलेली कॉलर उसवून, उलटी करून पुन्हा शिवलेली दिसत होती. ही शिलाई त्यांनीच घातली असणार. मी दोनदा ताडून पाहिलं, वही मिटली, तेव्हाच ते वळले. मग त्यांनी त्यांच्या फोनवरून माझ्या फोनवर पहिलं नाणं पाठवलं. एखाद-दुसरा चहा येईल एवढ्या किमतीचं.

"किती आलं?"

"थोडंसंच आलं सर."

"थोडंच द्यायचं असतं. पहिलं नाणं दोस्तानं द्यावं, आणि लहान द्यावं. मोठं दिलं की माणूस देणाऱ्याकडं बघत राहतो."

पुढे पंधरा दिवसांनी परीक्षा व्हायची. सर फोनवरून ते नाण्याचं ॲप काढून टाकायला लावत. मग घरून आणलेल्या वहीतले शब्द पाहून सगळं परत उभं करायचं. नाणं पुन्हा दिसलं की सर टाळी वाजवत, पुढच्या खोलीत कुणी परीक्षा पास झाल्यावर वाजवत तशीच.

बोर्डे बाईंची परीक्षा तर गल्लीभर झाली. या निवृत्त मुख्याध्यापिका, मीच त्यांना सरांकडे नेलेलं. बाईंनी ते बारा इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून ठेवले होते, आणि तेही लोणच्या-पापडाच्या वहीत, मसाल्याच्या प्रमाणांमध्ये मिसळून, म्हणजे चोराला कळू नये. परीक्षेच्या दिवशी बाईंनाही कळेना. मोहरी, मेथी, हिंग यातून एकेक शब्द वेचताना त्या घामाघूम झाल्या. अकरा सापडले. बारावा सापडेना. सर एकदाही वहीकडे वळले नाहीत, पाठ करून बसल्याबसल्या म्हणत राहिले, "बाई, सावकाश. लिंबाच्या लोणच्यात बघा." आणि खरंच लिंबाच्या लोणच्यात निघाला. आम्ही तिघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. सर इतके हसताना मी नंतर पाहिले नाहीत.

ते कुणाकडून यासाठी एक पैसा घेत नसत. त्या दिवशी बाई गेल्यावर मी विचारलं, "सर, तुम्हाला यातून काय मिळतं?"

त्यांनी पेन्सिलीला टोक करायला घेतलं. मग म्हणाले, "माणूस येतो. शब्द लिहायला एकदा येतो, परीक्षेला दुसऱ्यांदा येतो. मंग आपला दोस्त घेऊन तिसऱ्यांदा येतो."

विलास हा मारोतीकाकांचा मुलगा. पंचविशी ओलांडलेला, तरतरीत, शेतीच्या औषधांच्या दुकानात काम करणारा. तो सरांकडे आला तेव्हा मी तिथंच होते. सरांनी त्याला एकही प्रश्न विचारला नाही. पाणी पिऊन व्हायच्या आतच वही दिली. परीक्षाही घेतली नाही.

"सर, याला का सूट?" मी गमतीनं म्हटलं.

"मारोतीचं लेकरू हाये ते," सर म्हणाले. एवढंच.

विलास भराभर शिकला. सरांना 'काका' म्हणायचा, बाजारातून भाजी आणून द्यायचा. दिवाळीला त्यानं सरांसोबत फोटो काढला. वर्षभरानं औषधांचं दुकान सोडलं, मोटार घेतली. आणि मग एक दिवस स्टँडवरच्या चहावाल्यानं सरांपुढे एक रंगीत कागद ठेवला. विलासनं स्वतःचंच एक नाणं काढलं होतं, त्याचं ॲपही. आज पैसे द्या, काही महिन्यांत दुप्पट घ्या, आणखी माणसं आणा, आणखी घ्या. कागदावर तो दिवाळीचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, 'गुरुवर्य हिवाळे सर यांच्या आशीर्वादाने'.

सर घरी आले आणि मशीनवर बसले. 'माझा या योजनेशी संबंध नाही. हे बिटकॉईन नाही. कृपया कोणीही पैसे देऊ नयेत.' अशा कागदांचा गठ्ठा त्यांनी टाईप केला आणि बाजारात, स्टँडवर, तहसीलच्या भिंतीवर स्वतः फिरून चिकटवला. दोन दिवसांत ते सगळे कागद कुणीतरी ओरबाडून काढले. विलास फोन उचलत नव्हता. मग कळलं, की त्याची मोठी सभा वडीगोद्रीला आहे, हायवेलगतच्या एका मंगल कार्यालयात.

"सोबत येतीस का?" सरांनी मला विचारलं. "मी एकटा बोललो तर म्हातारा बरळतोय म्हणतील. तू नुसती म्हण, की सर सांगतात ते मी ऐकलेलं हाये, शिकलेलं हाये."

मी हो म्हटलं. आम्ही जालन्याला बस बदलून, अंबडवरून वडीगोद्रीला पोचलो. कार्यालय भरलं होतं. शेतकरी होते, शिक्षक होते, ऊसतोडीहून परतलेले होते, बाया मांडीवर लेकरं घेऊन बसल्या होत्या. विलास स्टेजवर माईक घेऊन बोलत होता. अर्ध्या भाषणात सर मधल्या वाटेत उभे राहिले.

"विलास, हे बंद कर." त्यांचा आवाज मोठा नव्हताच कधी. पुढच्या दोन ओळींनाच ऐकू गेला असेल. "लोकहो, मी हिवाळे. या पोरानं जे काढलंय ते नाणं न्हाई. पैशे देऊ नका."

विलास स्टेजवरून खाली उतरला, झपझप चालत आला, आणि सगळ्यांसमोर वाकून त्यानं सरांच्या पायांवर डोकं ठेवलं. मग उठून माईकवर म्हणाला, "सर आशीर्वाद द्यायला भोकरदनहून आलेत! टाळ्या वाजवा सरांसाठी!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सर दोन्ही हात हलवून "न्हाई, न्हाई" म्हणत होते. लोकांना वाटलं, नको नको म्हणतायत, भला माणूस आहे. कुणीतरी त्यांच्या गळ्यात हार घातला. त्या गर्दीत त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

मी उठले नाही. पुढच्याच रांगेत आमच्या शाळेच्या संस्थेतला एक माणूस बसला होता, तो मला ओळखत होता. उद्या ऑफिसात काय होईल, कोण काय म्हणेल, हे सगळं एकदम डोक्यात आलं. मी मांडीवरच्या पिशवीचा बंद धरून बसून राहिले. सरांनी नजर काढून घेतली. हार उतरवला, खुर्चीवर ठेवला आणि बाहेर पडले. मी मागोमाग गेले.

परतीच्या बसमध्ये मी तिकिटाचे पैसे काढले तर ते म्हणाले, "राहू दे. तुला मी आणलं होतं."

पाच-सहा महिन्यांत विलासचं ॲप उघडायचं बंद झालं. विलास नाहीसा झाला. आणि सगळे लोक सरांच्या दारात आले, कारण विलासला दारच उरलं नव्हतं. कुणी शिव्या दिल्या, कुणी रडलं. इन्स्टिट्यूटची पाटी एकानं उखडून गल्लीत फेकली. सरांनी ती आत आणून भिंतीशी टेकवून ठेवली, परत लावली नाही. ते दार बंदही करत नव्हते. येईल त्याला आत घेत, पाणी देत. बहुतेक जण पाणी पीत नसत.

बोर्डे बाईही आल्या. त्यांनीही विलासला पैसे दिले होते. त्या भांडल्या नाहीत. खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि म्हणाल्या, "सर, मी तुम्हाला आधी विचारायला पाहिजे होतं. पण कागदावर तुमचंच नाव होतं ना, म्हणून विचारलं नाही."

पोलिसांनी सगळ्यांना लेखी तक्रारी मागितल्या. तेव्हा सरांनी पुढच्या खोलीतल्या एका मशीनचं झाकण काढलं आणि म्हणाले, बसा, मी टाईप करून देतो. पुढचे कित्येक दिवस त्या खोलीत पुन्हा खडखडाट झाला. एकेक माणूस समोर बसून सांगायचा, सर टाईप करायचे. जवळजवळ प्रत्येक तक्रारीत एक वाक्य यायचं, की विलासनं हिवाळे सरांचं नाव घेतलं म्हणून विश्वास बसला. एक म्हातारे गृहस्थ तिथपर्यंत येऊन थांबले. मी तेव्हा कागद लावून द्यायला बसले होते.

"सर, तेवढं वाक्य राहू द्या."

"राहू द्या म्हंजे? काढू का ठेवू?"

"काढा. तुमचा काय दोष त्यात."

"तुम्ही पैशे दिले ते माझं नाव ऐकून दिले का न्हाई?"

म्हातारे खाली बघत म्हणाले, "दिले."

"मंग झालं तसं लिहायचं," सर म्हणाले, आणि स्वतःचं नाव, आडनाव, गाव पूर्ण टाईप केलं. एकही अक्षर चुकलं नाही. चुकलं असतं तर त्यांनी अख्खा कागद पुन्हा केला असता.

पोलिसांना सरांविरुद्ध काही सापडलं नाही. त्यांना साक्षीदार केलं. शेवटची तक्रार टाईप झाली, शेवटचा माणूस कागद घेऊन उठला, आणि त्या दिवसानंतर त्या दारात कुणी आलं नाही. ज्यांना त्यांनी पाठ करून बसून बारा शब्द लिहायला लावले होते, ती माणसं रस्त्यात फोन कानाला लावून पुढे जाऊ लागली. चहावाल्याचाही पैसा विलासकडे अडकला होता. तो सरांना चहा द्यायचा, पण साखरेचं विचारणं त्यानं सोडलं.

सर मारोतीकाकांना भेटायला त्यांच्या शेतावर गेले. मला म्हणाले, चल. वडीगोद्रीनंतर त्यांनी माझ्याकडे काही मागितलेलं हे एवढंच. मारोतीकाका आखाड्यावर, शेतातल्या खोपटासमोर, बाजेवर बसले होते. उठले नाहीत. बस म्हणाले नाहीत. सर उभेच राहिले.

"मारोती, विलासचा काई फोन?"

"न्हाई."

मग मारोतीकाका म्हणाले, "उत्तम, बँकेत मी तुझ्यापायी सही केल्ती, तवा तुला काई इचारलं होतं का?"

"न्हाई."

"मी अडाणी होतो, मेंढक्या. मला काय इचारावं ते कळत नव्हतं. तू तर मास्तर. समद्या जगाला तीन तीन सवाल करत होतास. माझ्याच पोराला का न्हाई केले?"

"तुझं पोरगं होतं म्हणून."

"म्हणूनच करायचे होते," मारोतीकाका म्हणाले. "तू इचारलं असतं तर त्यो उठून गेला असता. त्याच्यात तेवढा दम नव्हता. मंग आज घरी असता."

आम्ही बांधावरून परत निघालो. रस्त्याला लागल्यावर ते एकदा थांबले, चष्मा काढून सदऱ्याला पुसला, आणि पुसतच राहिले.

त्यानंतर माझ्याकडून जे झालं ते लिहायला जड जातं. मी त्यांच्याकडे जायचं कमी केलं. शाळेत कुजबुज होती, की ही सरांच्यातलीच, हिनंच बोर्डे बाईंना तिकडे नेलं. मी सरांची गल्ली टाळून लांबच्या रस्त्यानं ऑफिसला जायला लागले, मग तेच वळण पडलं. एक दिवस शेजारच्या शिंप्यानं सांगितलं, की सर घर रिकामं करून जालन्याला गेले. मशीनं भंगारात गेली. ती हातगाडीवर चढवताना सरांनी सगळी झाकणं काढून घडी करून स्वतःच्या पिशवीत ठेवली, असंही तो म्हणाला.

पुढे वर्षभरानं शाळेच्या कामासाठी मी जालन्याला गेले. काम दुपारीच उरकलं. शिंप्याकडून पत्ता घेऊन ठेवला होता, आणि तो किती तरी दिवस पर्समध्ये नुसताच फिरत होता. जुन्या जालन्यात, धान्याच्या ठोक दुकानांच्या गल्लीत, एका आडत्याच्या दुकानावरची खोली. जिना अरुंद. दार उघडंच.

सर वाळले होते. मला पाहून म्हणाले, "आलीस? ये." पाणी दिलं. खोलीत एक पलंग, एक मशीन, एक स्टोव्ह.

"सर, भोकरदन का सोडलं?"

"तारीख असती ना," ते म्हणाले. विलास परराज्यात सापडला होता आणि जालन्याच्या कोर्टात खटला चालू होता. "तिकडून यायला एकदा बस चुकली. साक्षीदार आला न्हाई म्हणून पुढची तारीख पडली. मंग म्हणलं, इथंच राहावं."

"मारोतीकाका येतात?"

"दर तारखेला. त्यो समोरच्या बाकड्यावर बसतो, मी इकडल्या. बोलत न्हाई आम्ही." ते स्टोव्हला पंप मारायला लागले. "पण मागल्या तारखेला त्यो कुठं दिसला न्हाई, तर मला दिवसभर चैन पडली न्हाई."

मी विचारलं, इथं कुणी येतं का, नाणं शिकायला, पहिलं घ्यायला.

"कसं येईल? कुणाला तरी कुणीतरी आणावं लागतं. इथं मला कुणी वळखत न्हाई."

चहा झाला. मला कमी साखर लागते हे त्यांच्या लक्षात होतं. कप खाली ठेवला तेव्हा इतके दिवस अडकलेलं वाक्य माझ्या तोंडून निघालं.

"सर, त्या दिवशी वडीगोद्रीला मी उठायला पाहिजे होतं."

मला वाटलं होतं, ते म्हणतील जाऊ दे पोरी, झालं गेलं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "हो. पाहिजे होतं."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. एखाद्या उताऱ्यात चूक कुठे झाली ते दाखवावं तसं सरळ बोलले. मी रडले नाही. उलट कित्येक दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याशी खरं बोललं असं वाटलं.

ते मला खालपर्यंत सोडायला आले. रिक्षा थांबवली, रिक्षावाल्याला भाडं आधी ठरवायला लावलं, मी बसल्यावर माझी पिशवी आत सारली. "बराबर जा," म्हणाले.

रिक्षा निघाली. मी मागे वाकून पाहिलं. गल्लीत ट्रक लागला होता, पाठीवर पोती घेतलेल्या हमालांची रांग दुकानात शिरत होती. सर त्या रांगेच्या वाटेत आले होते. "ओ बाबा! बाजूला व्हा की!" एक हमाल ओरडला.

ते दचकून भिंतीला टेकले. भोकरदनमध्ये कुणी त्यांना असं 'बाबा' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. हातांनी पुढे जा पुढे जा अशी खूण करत ते उभे राहिले, आणि पोतं घेऊन समोरून जाणाऱ्या प्रत्येक माणसाच्या तोंडाकडे, ओळखीचं कुणी निघतंय का असं, बघत होते. रांग लांब होती. रिक्षा वळेपर्यंत ते तिथंच उभे होते.